पहिला घास दुसऱ्याचा

रूबेनला माती देऊन घरी पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले, आणि दारात चपला काढता काढताच शुलाबाईंना सणसणून भूक लागली. त्या भुकेचा त्यांना इतका राग आला की भाऊ गेल्याचं दुःखही क्षणभर मागे पडलं. पोटाला काळवेळ म्हणून काही कळतं की नाही?

शुलामिथ नागावकर, वय बहात्तर. एस्प्लनेडच्या एका विमा कंपनीत चौतीस वर्षं स्टेनो. लग्न केलं नाही. थोरला भाऊ रूबेन बायको गेल्यापासून, म्हणजे एकवीस वर्षं, त्यांच्याचकडे होता. भवानीपुरातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोघं भावंडं राहत. वडील अलिबागजवळच्या नागावहून पोर्टातल्या नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच होऊन गेले. नागावकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत आणि भांडण बंगालीत, अशी त्यांच्याकडची वाटणी होती.

कलकत्त्यात ज्यू म्हटलं की लोकांना आठवत ते बगदादी, मोठ्या हवेल्यांतले, व्यापारातले. त्यांच्या लेखी नागावकर म्हणजे मुंबईवाले, आणि सिनेगॉगमध्ये मुंबईवाल्यांचा बाक मागचा. पण कोणाच्याही घरी मयत झाली की मागच्या बाकावरच्या या घराची पुढच्या बाकांना आठवण होई. कारण मातीवरून परतलेल्या घरच्यांनी पहिलं जेवण स्वतःच्या चुलीवरचं खायचं नाही, दुसऱ्याने आणून द्यायचं, असा नियम. त्यात मसूर आणि उकडलेली अंडी असतात, सगळं गोल. मसुराच्या दाण्याला तोंड नसतं आणि दुःखात बसलेल्यालाही बोलायला तोंड राहत नाही, असं शुलाबाईंची आई सांगायची. आईनंतर हे काम शुलाबाईंकडे आलं. बातमी कळली की त्या ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकत, अख्खे मसूर शिजायला घालत आणि लोक कबरस्तानातून परतायच्या आत डबा घेऊन दारात उभ्या राहत. कोणी बोलावलं म्हणून त्या कधी गेल्या नाहीत. बोलावणं आलं म्हणजे आपल्याला उशीर झाला, असं त्या मानत.

पण माणसं आटत गेली. काही लंडनला गेली, काही इस्राएलला, उरलेली एकेक करून नारकेलडांग्याच्या कबरस्तानात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आज सकाळी तिथे जमले नाहीत. चार जमले. त्यातला एक चाकाच्या खुर्चीत होता आणि एकाला कोण वारलंय हेच नीट उमगलेलं नव्हतं. जेवणाचा डबा पोचवणारं या शहरात एकच माणूस उरलं होतं, आणि ते आज दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे ब्लाउजची कड फाडून, आरशावर चादर टाकून, जमिनीवर सतरंजीवर बसलं होतं.

‘सूर्य मावळेपर्यंत कळ काढायची,’ शुलाबाईंनी मनाशी ठरवलं. पहिला दिवस उपाशी गेला तर तो नियम उरत नाही, रात्री आपलं आपण शिजवून खाता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. डिसेंबरचा महिना, पाचला अंधारतं. तीन तासांचा प्रश्न होता. फक्त सकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती, आणि गोळीनंतर फार वेळ उपाशी राहणं चालत नव्हतं.

अडीचला दार वाजलं. पहिल्या मजल्यावरच्या आभा मुखर्जी आल्या होत्या. त्यांच्या हातात एक मोठी परडी होती. परडीत आतप, म्हणजे न उकडलेले, तांदूळ, दोन कच्ची केळी, तुपाची वाटी, सैंधव आणि एक कोरं मातीचं मडकं.

“शुलादी,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “मी सगळं आणलंय. आता उठा आणि हे आपल्या हाताने शिजवा. एकाच मडक्यात, एकदाच. सुतकात दुसऱ्याच्या हातचं अजिबात खायचं नसतं.”

शुलाबाई परडीकडे बघत राहिल्या. पन्नास वर्षं या बाईंच्या धर्मात आणि आपल्यात काही फार अंतर आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज ते नेमकं एका मडक्याएवढं निघालं.

“आभादी, आमच्यात उलटं असतं.”

“उलटं म्हणजे?”

“म्हणजे मी शिजवायचं नसतं.”

“अगं बाई! मग कोणी शिजवायचं? तुम्हाला तर कोणीच नाही!” आभादी कळवळून बोलल्या. त्या कळवळ्याने शुलाबाईंचं पित्त खवळलं. आभादींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मडकं जपून कोपऱ्यात ठेवलं आणि जाता जाता म्हणाल्या, “काही लागलं तर नक्की सांगा हं.”

काही लागलं तर सांगा. सकाळपासून हे वाक्य त्यांनी अकरा वेळा ऐकलं होतं. कबरस्तानात, गाडीत, जिन्यात, वॉचमनच्या तोंडून, रूबेनच्या जुन्या ऑफिसातल्या माणसाच्या तोंडून. सांगायचं कसलं? मेलेल्याच्या घरी काय लागतं हे सांगावं लागत असेल तर शेजार म्हणून यांना ठेवलंय कशाला?

तेवढ्यात फोन वाजला. रूबेनची मुलगी यायेल इस्राएलमधल्या अश्दोदहून व्हिडिओवर होती. तीही तिकडे सुतकात बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते, पण तिच्या मागचं टेबल मात्र ओसंडून वाहत होतं. भाताची पातेली, पाव, सॅलड, अंड्यांची भली मोठी परात.

“बघ ना आत्या, सकाळपासून लोक आणतायत. ठेवायला जागा नाही. तू काय खाल्लंस?”

“खाल्लं,” शुलाबाईंनी थाप मारली.

“काय?”

“खाल्लं म्हणते ना.”

“आत्या, खोटं बोलू नकोस. मी इथून मागवते. पिझ्झा मागवू? व्हेज? गोल लागतं ना, पिझ्झा गोलच असतो.”

“यायेल, त्या पिझ्झ्याचं नाव काढलंस तर मी फोन बंद करीन.”

“मग करणार काय आहेस तू? म्हणून सांगते इकडे ये. बाबांनाही सांगत होते. तिकडे आता आहे कोण?”

शुलाबाईंनी खरंच फोन बंद केला. नंतर त्यांना वाईट वाटलं. पोरीचा बाप गेला होता. पण परत फोन करायला त्राण नव्हतं.

सव्वातीनला पुन्हा दार वाजलं. या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या भिड्यांची सून होती, कादंबरी. भिडे तीन पिढ्या कलकत्त्यातले. सासूबाई सरलाताई शुलाबाईंच्या जुन्या मैत्रीण. त्या इथे असत्या तर प्रश्नच नव्हता, पण त्या भाचीच्या लग्नासाठी पुण्याला गेल्या होत्या. नवरा सिद्धेश बंगलोरला. कादंबरी न्यू टाउनच्या एका कंपनीत होती आणि आज घरूनच काम करत होती. गळ्यात हेडफोन तसेच लोंबत होते. तिचं बालपण इथेच गेल्यामुळे तिचं मराठी ऐकताना शुलाबाईंना नेहमी दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

“शुलामावशी, मला फार वाईट वाटली,” ती म्हणाली. “सकाळी मीटिंग होता म्हणून नाही येऊ शकले. काही लागलं तर…”

“लागतंय!” शुलाबाई ओरडल्याच.

पोरगी दचकून दाराला टेकली.

“लागतंय, कळलं? जेवण लागतंय! सकाळपासून जो तो विचारतोय काही लागलं तर सांगा, काही लागलं तर सांगा. मी कोणाला विचारलं होतं का कधी? चाळीस वर्षं लोकांच्या दारात डबे नेले, एकाला तरी विचारलं काय लागतंय म्हणून? मला स्वतःचं शिजवून चालत नाही. दुसऱ्याने आणलेलं लागतं. मसूर आणि अंडी. आणि आणणारी मीच होते, बाकी कोणी नाही. झालं समाधान?”

बोलून झाल्यावर त्या धापा टाकायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाकडे जेवण मागितलं होतं, आणि तेही अंगावर खेकसून. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कादंबरीने पुण्याला सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मागे लग्नघरातला गलका ऐकू येत होता. सुनेने अर्धंमुर्धं सांगितलं तेवढ्यात सरलाताईंचा आवाज आला, “अगं, म्हणजे कडू घास! एवढं काय त्यात? मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी पिठलंभात नेऊन द्यायचा असतो. शुला, तू मला काल रात्रीच का नाही कळवलंस?”

कडू घास. हा शब्द शुलाबाईंनी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांच्या घरातलं मराठी नागावहून आलेलं, कलकत्त्यात वाढलेलं, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या नियमांना हिब्रू शब्द होते. ज्याला इतकी वर्षं आपण आपल्या एकटीचं ओझं समजत होतो, त्याला खालच्या मजल्यावर साधं मराठी नाव होतं. आणि ते आपल्याला कोणी सांगितलं नाही, याचाही त्यांना राग आला.

“मसूर हवेत म्हणतात मावशी,” कादंबरी म्हणाली.

“मसूर आपल्याकडे चालत नाहीत गं,” सरलाताई म्हणाल्या. “पण तिच्यासाठी कर. नंतर कुकर चिंचेने घासून घे. अंडं मात्र माझ्या ओट्यावर नको हं. बाकी काहीही कर.”

तिथून पुढचा तास-दीड तास म्हणजे निव्वळ वैताग होता. कादंबरी खाली जाऊन स्वयंपाकाला लागली आणि दर पाच मिनिटांनी फोन करू लागली. आधी ती दुकानातून मसुराची लाल डाळ घेऊन आली.

“ती डाळ झाली. अर्धी केलेली. अख्खे मसूर हवेत, गोल! दुकानात गोटा मुसूर माग, गोटा!”

ती परत गेली. मग, “मावशी, पाणी किती घालायचा?”

“घालायचं. पाणी घालायचं. दाणे बुडून वर दोन बोटं.”

“आडवी बोटं की उभी?”

शुलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग लसूण ठेचायचा की चिरायचा. मग शिट्ट्या किती. मग मसूर भिजवायचे असतात का, आणि असतात तर आता काय करायचं. चौथ्या फोनला शुलाबाई उठून उभ्या राहिल्या. जिन्यातून एक मजला उतरलं की भिड्यांचं स्वयंपाकघर. आपण जाऊन दहा मिनिटांत फोडणी घालून येऊ. सुतकात घराबाहेर पडायचं नसतं हे त्यांना दाराच्या कडीला हात लावल्यावर आठवलं. त्या पुन्हा सतरंजीवर येऊन बसल्या आणि कडीला लावलेल्या त्या हाताकडे बघत राहिल्या. हाताला काम नसलं की तो किती निरर्थक दिसतो.

खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकत चाललं होतं. साडेचारला खालून जळका वास आला. शुलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

पावणेपाचला कादंबरी पातेलं घेऊन वर आली. केस विस्कटलेले, कुर्त्यावर हळदीचा डाग, आणि काखेत चक्क चहाची इलेक्ट्रिक किटली. तिने ती सतरंजीवर ठेवली आणि झाकण उघडलं. आत गरम पाण्यात चार अंडी होती.

“किटलीत?” शुलाबाईंनी विचारलं.

कादंबरी लाल झाली. “आईंना सांगू नका. माझ्या खोलीतला आहे. रोज सकाळी दोन अंडं करते मी त्यात. दीड वर्ष झाली.”

“मला माहीत आहे.”

“कसं?”

“जिन्यातल्या कचऱ्याच्या बादलीत टरफलं कोण टाकतं? वर्तमानपत्रात गुंडाळून? आभादींकडची तर उघडीच टाकलेली असतात.”

दोघींना एकदम हसू आलं, आणि आलं तसं ते तिथेच थांबलं.

कादंबरीने ताट केलं. भात चिकट होता, मसूर तळाला लागले होते, वर फोडणीतला लसूण करपून काळा पडला होता. तिने अंडं सोलायला घेतलं, तर टरफलाबरोबर पांढरा भागही निघत गेला आणि हातात उरलं ते अंडं चंद्रावरच्या खड्ड्यांसारखं दिसत होतं. तिने ते शुलाबाईंच्या हातात दिलं. पुढे काय म्हणायचं असतं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती काहीच म्हणाली नाही. चाळीस वर्षं शुलाबाई लोकांना हेच शिकवत आल्या होत्या, की तिथे जाऊन बोलायचं नसतं, समोरचा बोलेल तेव्हा बोलायचं. या पोरीला ते न शिकवता आलं होतं.

मसुरात मीठ कमी होतं. ते सांगायला शुलाबाईंनी तोंड उघडलं आणि पुढचा घास घातला.

दुसऱ्या अंड्याशी त्या थांबल्या.

“रूबेन पिवळा बलक खायचा नाही,” त्या म्हणाल्या. “काढून माझ्या ताटात टाकायचा. एकवीस वर्षं, दर रविवारी. मला विचारायचाही नाही. डॉक्टर म्हणाला तुम्हाला कोलेस्ट्रॉल आहे. असणारच. त्याच्या वाटचंही मीच खाल्लं ना!”

आणि मग काल रात्रीपासून जे झालं नव्हतं ते झालं. बलक हातात धरून शुलाबाई हुंदके देऊन रडल्या. कादंबरीच्या गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधून कोणीतरी तिचं नाव घेऊन बारीक आवाजात हाका मारत होतं. तिने तो काढून बाजूला ठेवला. खिडकीबाहेर अंधारून आलं तेव्हा ताट रिकामं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण कादंबरीने त्याच संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर कडू घासाबद्दल लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शुलाबाईंच्या घरात पिठलं यायला लागलं.

बुधवारी पिठलं. गुरुवारी दोन घरांतून पिठलं. बँकेत नव्याने बदलून आलेल्या अधिकाऱ्यांच्या पत्नी रसिका यांनी तर फोर्ट विल्यमच्या बाजूने अडलेल्या वाहतुकीतून दीड तास टॅक्सीत बसून पिठलं आणलं, तेही गार झालेलं, वड्या पडतील असं घट्ट. “काही लागलं तर…” असं कोणीच म्हणालं नाही. डबा ठेवायचे आणि बसायचे. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र दिवस, लागला म्हणून शुलाबाईंनी फाटका ब्लाउज बदलला, दिवे लावले आणि त्या खुर्चीवर बसल्या, कारण शब्बाथला दुखवटा मांडायचा नसतो. नेमक्या तेव्हा आलेल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, “संपलं का सुतक? लवकर संपतं तुमच्यात!” मग पुन्हा सगळं समजावणं. शुलाबाईंनी हात टेकले.

रविवारी आभादी स्वतः रांधलेली खिचडी घेऊन आल्या. “कादंबरीने सांगितलं, तुमच्यात दुसऱ्याने रांधायचं असतं. तुम्ही मला का नाही बोललात?”

“बोलले होते,” शुलाबाई म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी.”

“नीट नाही बोललात,” आभादी ठामपणे म्हणाल्या, आणि खिचडी वाढली.

यायेलचा फोन रोज येत होता. ती रोज विचारायची, आत्या, काय खाल्लंस? आणि शुलाबाई रोज खरं उत्तर द्यायच्या. “पिठलं.” सोमवारी सकाळी दुखवट्याचे सात दिवस पुरे झाले तेव्हा ती म्हणाली, “मग इकडे कधी येतेस?” शुलाबाई म्हणाल्या, “बघू. इथलं पिठलं आधी संपू दे.”

त्याच दुपारी त्यांनी ओट्यावर डबे मांडले. तेरा निघाले. स्टीलचे, प्लास्टिकचे, एक आइस्क्रीमचा, एक नाव घातलेला, बाकीचे कोणाचे कोण जाणे. शुलाबाईंनी पदर खोचला. रिकामा डबा परत द्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असतं. नारळ फोडला, तांदळाचा रवा काढला, तेरा डब्यांना पुरेल एवढ्या सांदणांचा हिशेब मनात मांडला. सात दिवसांनी हाताला काम मिळालं होतं.

तेवढ्यात पुण्याहून परतलेल्या सरलाताई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आल्या. त्यांनी मैत्रिणीला जवळ घेतलं, मग त्यांची नजर ओट्यावर गेली.

“हे काय चाललंय?”

“डबे परत करायचेत.”

“भरून?”

“मग काय रिकामे?”

“शुला, दुखवट्याच्या घरचे डबे भरून नाही परत करायचे. रिकामे द्यायचे. धुऊन.”

“हा तुमचा नियम. आमच्यात असं काही नाही.”

“पण घास आमच्यातला खाल्लास ना सात दिवस? मग नियमही आमचाच.” सरलाताईंनी रव्याचं पातेलं सरळ उचललं आणि बाजूला ठेवलं. “राहू दे गं. एकदा तरी कोणाचं काही परत करू नकोस.”

शुलाबाई बराच वेळ वाद घालत राहिल्या. रव्याचं काय करायचं, नारळ फोडलाय त्याचं काय, लोक काय म्हणतील, आईने काय शिकवलं. सरलाताई खुर्चीवर बसून ऐकत राहिल्या आणि ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी शुलाबाईंनी कपाटातून दोन कोरडे पंचे काढले. एक मैत्रिणीच्या अंगावर टाकला, दुसरा स्वतः घेतला, आणि दोघी मिळून डबे पुसायला बसल्या.

“हे झाकण या डब्याचं नाही,” थोड्या वेळाने शुलाबाई चिडून म्हणाल्या. “तुझ्या मंडळातल्या बायकांना झाकणंसुद्धा नीट लावता येत नाहीत.”